दुसरी प्रत : प्रस्तावना

दर आठवड्याला हजार शब्दांचा एक लेख, असे दहा वर्षे न चुकता लिहिले, तर त्या सगळ्या लेखनाला संगणकात किती जागा लागेल? देवनागरीचे एकेक चिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट घेते. हजार शब्दांचा लेख म्हणजे साधारण २० किलोबाइट, आणि ५२० लेखांचे मिळून १० मेगाबाइट. मोबाइलने काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात. तेव्हा जागा नाही, पैसा नाही, ही सबब इथे चालत नाही. तरीही कुणाचे वर्षानुवर्षांचे लेखन एका रात्रीत गेल्याचे आपण ऐकतो, हळहळतो, आणि आपल्या लेखनाची प्रत काढायची राहून जाते ती जातेच. कारण ते काम कुणाच्या तरी आठवणीवर सोडलेले असते. आपल्या संकेतस्थळावरच्या लेखनाची प्रत ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आपल्याला न विचारता पडत राहावी, यासाठी काय व्यवस्था लावायची, एवढाच या छोट्या पुस्तिकेचा विषय आहे. विषय एवढासा आणि प्रस्तावना एवढी लांब का, असे कुणी विचारील. पुस्तिकेत ‘कसे’ नीट आले आहे. ‘का’ मात्र लेखकाने तीन ओळींत आटोपले आहे, आणि मला ते तीन ओळींचे वाटत नाही.

पुस्तिका बडोद्यात लिहिली गेली आणि बडोद्यातल्या मराठी लिहिणाऱ्यांसाठी लिहिली गेली. मराठी साहित्य संमेलन या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि मग थेट २०१८ साली. मधल्या काळात मराठी इथून कुठे गेली नव्हती. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत ती घरात होती. आयुष्यभर गुजरातीत बाजार केला, इंग्रजीत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर मराठीत लिहायला बसले, अशी माणसे इथे पुष्कळ. बराहा, गमभन अशी साधने आली, मग फोनवरच मराठी टंकता येऊ लागली, आणि या मंडळींनी प्रकाशकाची वाट न पाहता इंटरनेटवर लिहायला घेतले. जुन्या वाड्यातली माणसे, मांडवीचा बाजार, संस्थान विलीन झाल्यावर ओसरत गेलेली मराठी कचेरी, ‘चालेल’ऐवजी सहज ‘चालशे’ म्हणून जाणारी मुले, हे सगळे त्या लेखनात आहे. पुण्या-मुंबईत बसून कुणी ते पुन्हा लिहू शकणार नाही.

छापील पुस्तकाला एक संरक्षण आपोआप मिळते, याची आपल्याला बहुधा कल्पना नसते. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. सगळे प्रकाशक हे पाळतात असे नाही, पण नियम आहे. लेखकाला काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि त्याच्या पुस्तकाच्या प्रती चार दिशांना जाऊन पडतात. इंटरनेटवर लिहिणारा स्वतःच प्रकाशक असतो, स्वतःच मुद्रक, स्वतःच ग्रंथपाल. मान तिन्हींचा घेतला की कामेही तिन्ही आली, आणि त्यांपैकी ग्रंथपालाचे काम तो हमखास विसरतो.

बडोद्याने मात्र हे काम एकेकाळी फार गंभीरपणे केले. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम ऍलन्सन बॉर्डेन यांना बोलावून संस्थानाची ग्रंथालय-व्यवस्था उभी करायला लावली. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पैशाचा नियम. गावाने ग्रंथालयासाठी ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. दर वेळी दरबारात अर्ज नको, कुणाची मर्जी सांभाळणे नको. जिथे ग्रंथालय शक्य नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. ग्रंथप्रेमी राजे हिंदुस्थानात इतरही होते. बडोद्याचे वैशिष्ट्य हे की इथे हौसेला लगेच नियम, वेळापत्रक आणि पगारी माणूस मिळे.

याच व्यवस्थेतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात चिमणलाल दलाल हस्तलिखितांचे काम पाहत होते. पाटण आणि जेसलमेरच्या जैन भांडारांत बसून त्यांनी पोथ्यांच्या याद्या केल्या. १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ छापून ‘गायकवाड ओरिएंटल सीरिज’ सुरू झाली, आणि दोन वर्षांत दलाल गेले. माला चालू राहिली. माणूस गेला आणि काम थांबले नाही, कारण ते काम त्या माणसाच्या उत्साहावर टांगलेले नव्हते. पुढे १९२७ साली हा विभाग प्राच्यविद्या मंदिर म्हणून वेगळा झाला आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाबरोबर जोडला गेला. चालुक्य राजा सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’, ज्यात जुन्या मराठीचे काही नमुने सापडतात, तो गजानन श्रीगोंदेकरांनी याच मालेत संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला, दुसरा १९३९ साली, तिसरा १९६१ साली. छत्तीस वर्षांत एक संस्थान बुडाले, एक देश स्वतंत्र झाला, आणि तिसरा खंड आला.

या मंदिराचे सर्वांत मोठे काम म्हणजे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती. १९५१ साली काम हाती घेतले, १९६० ते १९७५ या काळात सातही कांडे प्रसिद्ध झाली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या एकमेकींशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली गेली. मूळ प्रत कुणाजवळच नव्हती, असण्याची शक्यताही नव्हती. जे काही हाती आले ते नकलांवरून, आणि तेही त्या नकला एका गावात नव्हत्या म्हणून. नेपाळच्या पोथीला लागलेली वाळवी केरळच्या पोथीला लागत नाही. केरळच्या लेखकाच्या डुलकीत सुटलेली ओळ काश्मीरच्या पोथीत शाबूत असते. पोथ्यांच्या शेवटी नकलाकार पाठ-मान मोडल्याची, डोळे अधू झाल्याची कुरकूर करतो आणि तेल, पाणी, सैल बांधणी यांपासून पोथी जपायला बजावतो, हे पोथ्या चाळणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याला धोके नेमके माहीत होते. पाणी त्याच्या यादीत होतेच.

बडोद्यात पाणी म्हणजे विश्वामित्री. पावागडाकडून येणारी ही नदी वर्षातले बरेच महिने पुलावरून जाताना नाक दाबावे अशी असते, आणि मग एखाद्या पावसाळ्यात घरात येते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर नदी धोक्याच्या पातळीच्या दहा-एक फूट वर गेली. आजव्याच्या तलावातून आलेले पाणी आणि आभाळातले पाणी एकत्र झाले, आणि समा, फत्तेगंज, सयाजीगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथले तळमजले दोन-दोन, तीन-तीन दिवस बुडून राहिले. अशा वेळी रस्त्यावर आलेल्या मगरींचे फोटो देशभर छापून येतात. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या संगणकाचे कुणी छापत नाही. पण आपल्याकडे संगणकाचा डबा असतो तो तिथेच. बाहेरची हार्ड डिस्क असते ती त्याच टेबलाच्या खणात, आणि ‘बॅकअप’ अशी चिठ्ठी लावलेला पेन ड्राइव्ह तिच्या शेजारी. तिन्ही प्रती एकाच पाण्यात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, पुस्तिकेत ती तळटीपेत गेली आहे. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असते. पुराचे पाणी तिथून आत शिरते आणि गाळ तबकडीवर बसतो. अशी डिस्क उन्हात वाळवून लगेच जोडून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. जोडली की वाचण्याचे टोक त्या गाळावरून फिरते आणि उरलेसुरले खरवडून टाकते. भिजलेली डिस्क चालू करू नये. ती तशीच जाणकाराकडे द्यावी, आणि खर्चाचा आकडा ऐकायची तयारी ठेवावी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम पुस्तिकेत आहे. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. बडोदेकरांसाठी मी त्यात एवढीच भर घालीन की ‘दुसरी जागा’ म्हणजे नदीपलीकडचे मेव्हण्याचे घर नव्हे. विश्वामित्री दोन्ही काठ भिजवते. नाशिकला बहीण असेल, बंगळुरूला मुलगा असेल, तिकडे एक डिस्क असू द्यावी.

“हल्ली सगळे क्लाउडवरच असते, त्याला कसला पूर?” हे मी हमखास ऐकतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांची प्रतही त्याच आवारात होती त्यांचे सगळे गेले. आग तर लांबच राहिली, कंपनीने मनात आणले तरी पुरते. याहूने जिओसिटीज ही फुकट पानांची वसाहत २००९ साली बंद केली, ऑर्कुट २०१४ साली गेले, गूगल प्लस २०१९ साली. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ साली जाहीर केला आणि डिसेंबरपासून लागू केला. आजोबांचे लेखन त्यांच्या खात्यावर आहे, आजोबा नाहीत, आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अशा घरांनी हा नियम वाचून ठेवावा. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक भाडे ज्या कार्डातून आपोआप कापले जाते ते कार्डही माणसाबरोबर बंद होते, ही गोष्ट मृत्युपत्रात कुणी लिहीत नाही.

पण खरा घात वेगळाच असतो. प्रत आहे असे वाटते आणि ती नसते. अमेरिकेतले जेफ ॲटवुड हे संगणकावर लिहिणारे नामांकित गृहस्थ. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे अनेक वर्षांचे लेखन सर्व्हरवरून गेले. जागा देणारी कंपनी प्रती काढते आहे, या भरवशावर ते होते. त्या प्रती पडतच नव्हत्या. इंटरनेट आर्काइव्ह आणि शोधयंत्रांच्या साठ्यांतून मजकूर बहुतांशी गोळा झाला, चित्रांनी जास्त छळले. दुसरी गोष्ट गिटलॅब या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. हरकत नाही, बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. एकेक उघडून पाहिली तेव्हा कळले की रोजची प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसच्या नव्या आवृत्तीशी जुळत नसल्याने निमूट अपयशी ठरत होता आणि साठवणीची जागा रिकामी होती. अपयशाची ईमेल जात होती, पण पलीकडचा सर्व्हर तिची ओळख पटत नाही म्हणून ती नाकारत होता. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत योगायोगाने सापडली, तिच्यावर कंपनी उभी राहिली. कंपनीने हे सगळे न लपवता प्रसिद्ध केले, याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे.

म्हणून काम यंत्रावर सोपवावे, आणि यंत्रावर नजर ठेवावी. पुस्तिकेतली पद्धत साधी आहे. घरचा एखादा जुना संगणक रविवारी पहाटे ठरल्या वेळी जागा होतो, संकेतस्थळावरून मजकूर, चित्रे आणि डेटाबेस उतरवून घेतो, तारीख घालून नवी फाइल ठेवतो, एक प्रत दूरच्या जागी पाठवतो. जुनी फाइल नवीने पुसली जात नाही. हे महत्त्वाचे, कारण फोन आणि संगणक एकसारखे ठेवणाऱ्या सोयीला लोक बॅकअप समजतात. तिथे एकीकडे चुकून पुसलेले दुसरीकडेही लगोलग पुसले जाते. शिवाय घरच्या यंत्राने संकेतस्थळाकडे जाऊन प्रत आणावी, संकेतस्थळाच्या हाती घरची किल्ली देऊ नये. संकेतस्थळात चोर शिरला तर त्याला प्रतींपर्यंत वाट मिळता कामा नये. वर्डप्रेसवर लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथल्या ‘निर्यात’ बटणाने मजकूर येतो, चित्रांचे फक्त पत्ते येतात. लेखकाने रोज प्रत काढण्याचा आग्रह धरला आहे, तो मला पटत नाही. महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्याला आठवड्याची प्रत पुरे. लेखक तरुण आहे, रोज लिहितो.

निरोपाच्या बाबतीत मात्र त्याचे अगदी खरे आहे. ‘प्रत पडली नाही’ असा निरोप यायची वाट पाहू नये, कारण ज्या कारणाने प्रत पडत नाही त्याच कारणाने निरोपही अडतो. ‘प्रत पडली, इतकी मोठी आहे’ असा निरोप दर रविवारी यावा, आणि आला नाही की आपण उठून पाहावे. फाइलचा आकार निरोपात हवाच. रिकाम्या फाइलीही वेळेवर पडतात.

आता मराठीपुरती एक खास अडचण, जी इंग्रजी पुस्तकांत कुणी सांगत नाही. फाइल शाबूत असते, ती परत चढवताना अक्षरे मरतात. डेटाबेस एका वर्णसंहितेत, प्रत काढणारा प्रोग्राम दुसरीत, आणि परत उतरवताना तिसरीच, असे झाले की देवनागरीच्या जागी दोन प्रकारचा कचरा दिसतो. एक प्रकार म्हणजे परकी, स्वरचिन्हांची, खुणांची रोमन अक्षरे. ते पाहून घाबरू नये, बाइट तेच असतात, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा घातलेला असतो. तो बदलला की मराठी परत येते. दुसरा प्रकार म्हणजे ????? अशी प्रश्नचिन्हांची रांग. तिथे प्रत्येक चिन्हाच्या जागी तेच एक प्रश्नचिन्ह लिहून झालेले असते. शब्द किती चिन्हांचा होता एवढे कळते, कोणता होता हे जगातला कुणी सांगू शकत नाही. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी प्रत काढताना आणि चढवतानाही ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हीच संहिता स्पष्ट नमूद करावी. युनिकोडपूर्वीच्या काळात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकलेले ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते बदलून युनिकोडमध्ये आणावे आणि जुनी फाइलही टाकू नये. बदलताना रफार आणि पहिली वेलांटी घसरतात, ताडून पाहायला मूळ लागते.

सगळेच जपायचे काय, असाही एक आक्षेप आहे. बडोद्याच्या नोकरीत १८८९ ते १९२५ काढलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनी निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. निवड करायला ते आले तेव्हा दफ्तर जागेवर होते, म्हणून निवड करता आली. कारकुनांनी आधीच चाळणी लावली असती तर त्यांनी ताळेबंद ठेवले असते आणि घरगुती पत्रे फेकली असती. आपल्या लेखनातले काय टिकाऊ आहे हे ठरवायला आपण सर्वांत नालायक माणसे आहोत. दहा मेगाबाइटचा प्रश्न आहे, सगळे ठेवा.

पुस्तिकेत सहा प्रकरणे आहेत. संगणकाची भीती असलेल्यांनी तिसरे आणि चौथे घरातल्या कुणा धाकट्याच्या हाती द्यावे, चहा करून द्यावा आणि शेजारी बसून राहावे. पहिले प्रकरण सोडले तरी चालेल. पाचवे सोडू नका. प्रत परत उतरवून कशी पाहायची, ते त्यात आहे. जून उजाडायच्या आत आपला एखादा जुना लेख प्रतीतून काढून दुसऱ्या संगणकावर उघडा, शीर्षकापासून शेवटापर्यंत वाचा, जोडाक्षरे आणि चित्रे जागेवर आहेत का ते पाहा. ते जमेपर्यंत आपल्याकडे बॅकअप आहे असे कुणाला सांगू नका.

बडोदे